सहावा खळगा

२२ ऑगस्ट १९९९, पोलादपूर

ही डायरी खताच्या दुकानदाराने जानेवारीत दिली. आठ महिने तांदळाच्या डब्याखाली होती, डबा डुगडुगू नये म्हणून. आज प्रियाने ती ओढून काढली, पुसली आणि माझ्या हातात दिली. प्रियदर्शिनी माझी नात. आईबाप मुंबईला आणि हिचं कॉलेज महाडला, म्हणून माझ्याजवळ राहते. म्हणाली, "आजे, साक्षरतेच्या वर्गात पहिला नंबर म्हणून तुला पातेलं मिळालं ना? मग दिवसभर बोलतेस ते लिही की."

मी म्हटलं, "माझ्या बोलण्याला एक डायरी नाय पुरायची. आख्खं दुकान आणावं लागेल."

ती म्हणते लिहिताना नाय लिहू नको, नाही लिही. बरं, नाही. डबा मात्र आता डुगडुगतो.

माझं नाव बयाबाई. मालकांचं नाव हैबती. लिहिलं बाई! लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर त्रेचाळीस वर्षं तोंडाने घेतलं नाही. लिहायला काही अडत नाही, जीभ कुठे लागते? पुन्हा लिहिते. हैबती. गेल्या कोजागिरीला गेले. यंदाच्या कोजागिरीला वर्ष होईल.

२३ ऑगस्ट

आज ह्यांची पेटी उघडली. वर्षभर हात लावला नव्हता.

पेटी म्हणजे सागाची फळी आणि वर झाकण. फळीत ह्यांनी पटाशीने सहा खळगे कोरले, प्रत्येक खळगा एका नाण्याएवढा. पाचांत नाणी आहेत, सहावा रिकामा. नाणी रोमच्या राजाची, चांदीची, नखाएवढी. राजाचं नाव ओथो. हा बाबा राज्यावर बसला तो फक्त पंचाण्णव दिवस! आमच्या शेजारच्या श्रीधर वाण्याचं दुकानही त्याहून जास्त चाललं. डोक्याला टक्कल, म्हणून केसांचा टोप घालायचा. नाण्यावर बघा, कशा एकाखाली एक वळ्या बसवल्यात, शेवया वाळत घातल्यासारख्या. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा इतकी हसले की हे रागावून अंगणात गेले.

हे मुंबईला गोदीत होते, छत्तीस वर्षं. घरी यायचे शिमग्याला, पंधरा दिवस. पंधरा दिवस घरात ह्यांचंच राज्य. पोरं मांडीवर, मटणाचा पहिला वाडगा ह्यांना, मी नवीन लुगड्यात. सोळाव्या दिवशी सकाळची गाडी. गाडी गेल्यावर घर कसं होतं ते काय लिहू. चूलसुद्धा लवकर पेटायची नाही.

बाकीच्यांचे नवरे रेडिओ आणायचे, टेरिकॉटची कापडं आणायचे. आमचे हे चार-पाच वर्षांतून एक नाणं आणायचे. आणून देणारे रमजानभाई, दासगावचे, जहाजावर खलाशी होते. इटलीच्या बंदरात उतरले की जुन्या बाजारात फिरून झिजकी नाणी शोधायचे. पहिलं नाणं त्यांनी मैत्रीत दिलं, नुसती गंमत म्हणून. बोटीवरच्या साहेबाने राजाचं नाव आणि ते पंचाण्णव दिवस सांगितले, आणि ह्यांना वेडच लागलं. म्हणायचे, "एवढ्याशा दिवसांत पण त्यानं नाणी पाडली गो. राहिला ना तो?"

पुढच्या बाजूला राजा, मागच्या बाजूला प्रत्येकावर वेगळी बाई. मी त्यांची नावं ठेवली. फांदीवाली, माळवाली, पंखवाली, तागडीवाली आणि बसकी. मला इंग्रजी येत नाही, पण राजाच्या डोक्याभोवतीची चार अक्षरं मी ओळखते. वाटोळं, खुंटी, शिडी, वाटोळं. हे गोदीतल्या मालाच्या पेट्यांवरची अक्षरं वाचून इंग्रजी शिकले, ह्यांनी मला दाखवली. तेच त्याचं नाव.

सहाव्या खळग्याचं एक गमतीचं. बाकीचे पाच नेमके गोल, ह्याला मात्र वरच्या अंगाला एक खाच, जशी शेपूट. एवढा नेमक्या हाताचा माणूस, पण पटाशी घसरलीच म्हणायची. आणि कधी काही ठेवलं नाही तरी तोच खळगा सगळ्यांत गुळगुळीत, तेल लावल्यासारखा. लाकडाचं काय सांगावं.

ठरवलं. कोजागिरीच्या आत मी हा खळगा भरणार. रिकामा खळगा ठेवून ह्यांचं वर्ष मी घालणार नाही.

३० ऑगस्ट

एसटीने महाडला गेले. सावित्रीला पाणी लालभडक. रमजानभाई आता बाजारात छत्र्या आणि स्टोव्ह दुरुस्त करतात. पावसात छत्र्यांचा ढीग पुढ्यात आणि स्वतःच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी.

"या या वहिनी! छत्री मोडली काय?"

"छत्री नाय मोडली. सहावं नाणं हवंय."

त्यांनी हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाले, "मुंबईत एक जुन्या नाण्यांचा व्यापारी माझ्या ओळखीचा हाय. लिहितो त्याला. पण वहिनी, हा राजा सहज नाय मिळत."

मी म्हटलं, "सहज मिळणारा तुमच्या दोस्ताला कधी आवडला काय?"

हसले. चहा पाजला. येताना माझी नसलेली छत्री दुरुस्त करून द्यायचीही तयारी दाखवली. त्यांची बायको शमसुन्निसा गेली त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून सगळ्यांना चहा पाजत बसतात.

५ सप्टेंबर

प्रियाने कॉलेजातून पुस्तक आणलं, रात्री वाचून दाखवलं. ह्या ओथोची बायको आधीच्या एका राजाने घेतली होती म्हणे. पुढे ओथो स्वतः राजा झाला, लढाई हरला. अजून सैन्य होतं, पण म्हणाला माझ्यापायी आणखी माणसं मरायला नकोत, आणि स्वतःच सुरी मारून घेतली. मला नाही आवडलं. घरात बायको असती तर ओरडून सुरी काढून घेतली असती.

प्रिया म्हणाली, "आजे, पण त्याला सैनिकांचे जीव मागता येत होते तरी त्याने मागितले नाहीत. ते मोठं नाही काय?"

मी म्हटलं, "न मागणारी माणसं घरच्यांना लय तरास देतात. झोप आता."

१९ सप्टेंबर

मुंबईचं नाणं आलं. मी पेटी घेऊनच महाडला गेले, म्हणजे तिथल्या तिथे बसवता येईल. रमजानभाईंनी पुडी सोडली. बघते तर राजाला ही दाढी!

"हा कोण आणलात?"

"रोमचाच हाय वहिनी. चांदी तर बघा."

"चांदीच बघायची तर पोलादपूरला सोनार काय मेले? ह्याला परत पाठवा. दुसऱ्याचा नवरा आपल्या घरात कशाला?"

शेजारचा कुलुपवाला पोट धरून हसला. रमजानभाईही हसले, पण नंतर पेटीवर वाकले आणि हसायचे थांबले. चष्मा वर करून सहाव्या खळग्याला बोट लावलं.

"वहिनी, ही खाच कसली?"

"पटाशी घसरली."

"हैबतीची?" म्हणाले. मग चष्मा खाली घेतला. "तुम्हाला सांगायला पायजे. पंचवीस वर्षं झाली. मी पाचवं नाणं दिलं तेव्हा त्यानं मला सांगितलं, रमजान, आता शोधू नको. सहावं मी बघितलंय. कणसंवाली हाय, म्हणाला. राजाच्या मागं बाई उभी, हातात धान्याची कणसं."

"कुठे बघितलं?"

"लय विचारलं. नुसता हसायचा. म्हणाला, हाय तिथं बरं हाय."

घरी येईपर्यंत माझं डोकं भणभणलं. छत्तीस वर्षं मुंबईत काढलेला माणूस, कुठे बघितलं असेल? प्रिया म्हणते एखाद्या संग्रहालयात काचेत असेल. मला वाटतं कुठल्या तरी शेटकडे. आणि मला सांगितलं नाही! रमजानभाईंना सांगितलं, मला नाही. आल्यापासून ह्यांच्या फोटोकडे पाठ करून बसले. संध्याकाळी दिवा लावायला वळावंच लागलं.

२ ऑक्टोबर

भाऊ श्रीपतचा निरोप आला, नवरात्रात कुडपणला ये, दसऱ्याला देव उठेपर्यंत राहा. शेजारणी म्हणतात वर्ष सरायच्या आत कुठे जाऊ नये. मी म्हटलं माहेर म्हणजे कुठे काय? ते 'कुठे'मध्ये मोडत नाही.

कुडपण म्हटलं की जीव नुसता वर धावतो. डोंगरावरचं सपाट गाव, नाचणीची शेतं, आणि वारा असा की पदर स्वतःचा राहत नाही. शिमग्याच्या पंधरा दिवसांतले दोन दिवस आम्ही तिकडे जायचो. दुसऱ्या बायकांचे नवरे सासुरवाडीची चढण बघून पाय ओढायचे. आमचे हे स्वतः पिशवी भरायचे. आणि गेले की देव्हाऱ्यापुढे जाऊन बसायचे. आई सगळ्या गावाला सांगायची, "जावई देवमाणूस हाय, देव्हाऱ्यापुढनं उठत नाय." मी मनात हसायचे. घरी ह्या देवमाणसाने कधी उदबत्ती लावली नाही. म्हटलं सासुरवाडीचा देव गोड लागतो बहुतेक.

एकदा मात्र भांडण झालं. प्रियाचा बाप तेव्हा दहावीला होता. कुडपणहून उतरताना हे म्हणाले, "बया, तुझ्या माहेरचा तो वीर हाय ना देव्हाऱ्यातला, त्याचं मला एक सांगायचंय." वीर म्हणजे आमच्या घराण्यातला कोणी तरणाताठा, लग्नाआधीच गेलेला पुरुष. त्याचा चांदीचा टाक करून देवांत बसवतात, तोच आमचा वीर. मी एकदम फणकारले. "माझ्या माहेरच्या देवाला नाव ठेवाल तर ह्या उतारावरून एकटे जा." आधीच सोळावा दिवस जवळ आलेला, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ह्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

शेवटची चार वर्षं घरी होते, पण दमा घेऊन आले. कुडपणची चढण झेपायची नाही. संध्याकाळी दारात बसून त्या डोंगराकडे बघायचे, हातात ही पेटी. मी म्हणायचे काय बघता? म्हणायचे, "काय नाय गो. तुझं माहेर."

पेटी बरोबर नेणार आहे. ह्यांना तेवढंच कुडपण.

१३ ऑक्टोबर, कुडपण

चढताना चार वेळा बसले. श्रीपत पुढे येऊन उभा होता, माझ्याहून पाच वर्षांनी लहान आणि माझ्याहून म्हातारा दिसतो.

"आक्का, पेटीत काय आणलंस गो? खाऊ काय?"

"तुझे भावजी आणले."

त्याने पेटी डोक्यावर घेतली आणि गावापर्यंत खाली ठेवली नाही.

देव बसलेत. नवरात्रात देव जागचे हलवत नाहीत. घट, माळा, झेंडूची फुलं, सगळे टाक फुलांखाली झाकलेले. नऊ दिवस हात लावायचा नाही, दसऱ्याला देव उठले की मग घासून-पुसून पुन्हा जागेवर. फुलांच्या फटीतून वीराची फक्त कड दिसली, पण चमकली. मला काय आनंद झाला! मी सहा-सात वर्षांची असल्यापासून वीर घासायचं काम माझंच. चिंच आणि चुलीतली राख. घासून घासून असा लखलखीत करायचे की आई म्हणायची, बयाच्या हातचा वीर अंधारात दिसतो. बाकीच्या पोरी कंटाळा करायच्या, मी लग्नाच्या सकाळीही घासला. वीराला वरती एक कडी आहे. आई म्हणायची ती त्याची शेंडी. त्या शेंडीत चिंच अडकायची, तेवढी एक जागा मला कधी नीट घासता आली नाही. दसऱ्याला काडी घेऊन घासणार.

इथे सगळं तसंच आहे आणि कोणीच नाही. आई नाही, हे नाहीत. रात्री भावजय म्हणाली, "वन्सं, दाजी ह्या खांबाला टेकून बसायचे बघा." खांबाला तेवढ्याच जागी तेलकट डाग आहे. मी त्या खांबाशीच अंथरूण टाकलं.

१९ ऑक्टोबर, दसरा

आज अक्षर वाकडं येईल. येऊ दे.

सकाळी देव उठवले. श्रीपतने तबकात टाक काढले आणि वीर माझ्या हातात दिला. "घे आक्का. तुझ्या हातचीच चकाकी वेगळी." भावजयीने चिंच भिजवलेली वाटी पुढे केली. मी अंगणात उन्हात बसले. दारावर भाताच्या नव्या लोंब्या बांधायला श्रीपत तिथेच उभा.

पहिल्यांदा शेंडी घासावी म्हणून काडी घेतली, आणि वीर उलटा केला. उलटी बाजू मी आयुष्यात कधी घासली नव्हती. ती खाली असते, कापडावर, तिला कोण बघतं? तिथे एक बाई उभी. बारीक, पण स्पष्ट. हातात कणसं.

मला आधी काही कळलंच नाही. मी श्रीपतच्या हातातल्या लोंब्यांकडे बघितलं, पुन्हा हातात बघितलं. मग सरळ केला. राजाचं तोंड नाही. सपाट, आरशासारखं. पण कडीच्या बुडाशी, जिथे माझी चिंच कधी पोचली नाही, तिथे अक्षरं. डोळ्याजवळ नेलं. वाटोळं. खुंटी. शिडी. वाटोळं.

"श्रीपत," मी म्हटलं, "पेटी आण."

त्याने आणली. सहाव्या खळग्यात ठेवला. कडी त्या खाचेत जाऊन बसली, जशी बाळाची मान हातात बसते. झाकण लावलं, लागलं. पटाशी घसरली नव्हती.

इतक्या वर्षांत ह्यांनी माप कधी घेतलं? डोळ्यांनीच घेतलं असणार, त्या खांबाला टेकून.

आणि राजाचं तोंड कोणी पुसलं? मीच. वर्षानुवर्षं, राख लावून, कौतुकाने. हे येऊन बसायचे तेव्हा तिथे काही शिल्लक होतं का, का तेव्हाही सपाटच? देव जाणे. मला दिसतो तो नुसता लखलखीतच.

श्रीपतला सगळं सांगितलं, आपल्या कुणा खापरपणजोबाने ह्या नाण्यालाच कडी लावून वीर केला असणार. तो पायरीवर बसला. म्हणाला, "ने गो आक्का. भावजींचंच हाय ते. मी दुसरा टाक करून घेईन सोनाराकडनं."

भावजय आतून म्हणाली, "अवो, पण वीर..." आणि थांबली.

मी पेटी मांडीवर घेऊन दुपारपर्यंत बसले. सहाही भरलेले. ह्याच्यासाठीच आले होते ना मी? पाच दिवसांनी कोजागिरी. फोटोपुढे पेटी ठेवली की झालं. पण तबकात बाकीचे टाक ओळीने ठेवलेले, मध्ये एक जागा मोकळी, आणि भावजयीची धाकटी पोर येऊन विचारते, "आत्ये, वीर कुठं गेला?"

ह्यांना नेता आलं असतं. दर शिमग्याला समोर होता. आईने जावयाला नाही म्हटलं नसतं. ह्यांनी नेला नाही, नुसती त्याच्यासाठी जागा कोरली.

झाकण काढलं. वीर काढला, नुसत्या पाण्याने धुतला आणि श्रीपतच्या हातात दिला. म्हटलं, "बसव जागेवर. आणि ह्यापुढं चिंच लावायची नाय. पाणी फक्त. काय?"

"आणि घाण झाला तर?"

"झाला तर होऊ दे. माणूस हाय तो."

२४ ऑक्टोबर, पोलादपूर, कोजागिरी

आज वर्ष झालं. पान वाढलं, कावळा लगेच आला. भलतीच घाई, ह्यांची नेहमीची सवय.

रमजानभाई दासगावहून आले, बरोबर खजूर आणि एक नवी छत्री. जेवल्यावर विचारलं, "वहिनी, मिळालं काय?"

"मिळालं."

त्यांनी पेटीकडे बघितलं. सहावा खळगा रिकामा. "मग?"

"हाय तिथं बरं हाय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी उठून चहा ठेवला. ते चहा घेऊन निघाले. प्रिया मात्र अजून विचारतेय, तिला उद्या सगळं सांगेन, तिचे प्रश्न संपायला रात्र पुरणार नाही.

आता सगळे गेलेत. पेटी मांडीवर आहे. सहाव्या खळग्यात अंगठा ठेवून बघितला. बरोबर बसला. खळगा इतका गुळगुळीत कसा ते आज समजलं. ह्यांचाही अंगठा इथेच असायचा, दारात बसून डोंगराकडे बघताना. मी तिकडे राजाचं तोंड घासत होते, हे इकडे रिकामी जागा.

अवो हैबती, विचारायचं होतंत. मी दिलं नसतं. भांडले असते, दोन दिवस जेवले नसते. पण विचारायचं होतंत.